एक तेल, चार कामे
लेखमाला : शेतीयंत्रांची निगा – लेखांक ७

बेळगाव–बागलकोट मार्गावरील सांबरा आणि त्याच्या आसपासच्या मुतगे, निलजी, बाळेकुंद्री या गावांच्या परिसरात पावसाळ्यात भाताच्या नट्टीसाठी चिखलणी, भातकापणीनंतर रब्बीची मशागत आणि हिवाळ्यात साखर कारखान्यांकडे उसाची वाहतूक अशी कामे एकामागून एक येत असल्याने ट्रॅक्टरला उसंत म्हणून मिळत नाही. या कामांचा भार इंजिनाइतकाच गिअरबॉक्स आणि मागच्या हौसिंगवर पडतो. तरीही इंजिन ऑईल वेळेवर बदलणारे अनेक शेतकरी मागच्या ऑईलकडे लिफ्ट अडेपर्यंत पाहत नाहीत.

बहुतेक ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स, दोन्ही चाकांना वळणावर वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा डिफरन्शिअल आणि औजार उचलणारी हायड्रॉलिक लिफ्ट यांना एकच तेल पुरवले जाते. १९४६ पासून इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे बनू लागलेल्या फर्ग्युसन टीई-२० ट्रॅक्टरात ही रचना होती, आणि १९६० मध्ये मद्रास येथे स्थापन झालेल्या टॅफे कंपनीच्या मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टरांतून ती परंपरा भारतात रुजली. पुढे तेलात बुडालेले ब्रेक आले, तेव्हा दातेरी चक्रांना वंगण देणे, उष्णता वाहून नेणे, लिफ्टला दाब पुरवणे आणि ब्रेकच्या चकत्यांना योग्य पकड देणे ही चारही कामे त्याच तेलाकडे आली. म्हणूनच अशा ट्रॅक्टरांसाठी यूटीटीओ या वर्गाचे तेल बनवले जाते. जुन्या काही ट्रॅक्टरांना चालणारे ‘नव्वद नंबरचे’ घट्ट गिअर ऑईल येथे सरसकट ओतल्यास थंडीच्या सकाळी पंपाला ते नीट ओढता येत नाही आणि ब्रेकची पकडही बिघडू शकते. त्यामुळे दुकानदाराच्या शब्दापेक्षा कंपनीच्या पुस्तिकेतील प्रत प्रमाण मानावी.

पातळी तपासताना ट्रॅक्टर सपाट जागेवर उभा करून लिफ्टचे हात पूर्ण खाली सोडावेत, इंजिन बंद करून तेल खाली बसू द्यावे आणि डिपस्टिक काढण्याआधी तिच्या भोवतीची माती व भुसा फडक्याने पुसावा, कारण आत पडलेला कण थेट पंपाकडे जातो. पट्टी पुसून पुन्हा घातल्यावर तेल दोन खुणांच्या मध्ये दिसले पाहिजे. पातळी फार खाली गेली तर पंप तेलाबरोबर हवा ओढतो आणि लिफ्ट झटके देत उचलते. फार वर गेली तर तेल घुसळून फेसाळते, तापते आणि सीलमधून बाहेर येऊ लागते.

मात्र पातळीइतकाच तेलाचा रंगही बोलका असतो. तेल दूध घातलेल्या चहासारखे दिसत असेल आणि पातळी आपोआप वाढली असेल, तर चिखलणीच्या वेळी ॲक्सलच्या झिजलेल्या सीलमधून, गिअर लिव्हरच्या फाटलेल्या रबरातून किंवा हौसिंगमधील हवा बाहेर सोडणाऱ्या ब्रीदरमधून पाणी आत शिरले आहे असे समजावे. अशा तेलात नवे तेल ओतून काहीच साधत नाही, ते पूर्ण काढावेच लागते. पातळी घटत असेल तर मागच्या चाकांची आतली बाजू आणि इंजिन व गिअरबॉक्स यांच्या सांध्याखालची जागा ओली आहे का, ते पाहावे.

सीमाभागात, जिथे डंपिंग ट्रॉली शेजाऱ्यापाजाऱ्यांत सर्रास फिरते, तिथे आणखी एक कारण ध्यानात घ्यावे लागते. ट्रॉली उलटवणारा सिलिंडर ट्रॅक्टरच्याच हौसिंगमधील तेलावर चालत असल्याने उचललेल्या ट्रॉलीसह पातळी पाहिली तर ती खोटी कमी दिसते. शिवाय एका ट्रॅक्टरचे तेल सिलिंडरमधून दुसऱ्यात जाते आणि त्याबरोबर त्याची घाण आणि पाणीही जाते. त्यामुळे पाइप जोडण्याआधी दोन्ही कपलर स्वच्छ पुसणे आणि ट्रॉली परत आल्यावर तेलाचा रंग पाहणे अगत्याचे ठरते.

तेल बदलण्याची मुदत महिन्यांवर नव्हे, तर मीटरवरील तासांवर ठरते, आणि ती पुस्तिकेत दिलेली असते. काम करून आलेल्या कोमट ट्रॅक्टरमधून तेल काढल्यास तळाचा गाळही वाहून जातो. ड्रेन प्लगला चुंबक असल्यास त्यावरील बारीक काळा लेप ही नेहमीची झीज समजावी, पण धातूचे कपचे आढळले तर चक्रे किंवा बेअरिंग तपासल्याशिवाय ट्रॅक्टर कामाला लावू नये. पंपाची जाळी धुऊन नवे तेल भरल्यावर इंजिन चालवून लिफ्ट काही वेळा खाली-वर करावी आणि पातळी पुन्हा पाहावी. काढलेले तेल बांधावर किंवा नाल्यात न ओतता डब्यात साठवून अधिकृत संकलकाकडेच द्यावे, कारण तोच नाला पुढे कोणाच्या तरी भातशेतात उतरतो.

कमी झालेले तेल भरणे सोपे असते. ते कुठे गेले हे शोधणे हीच खरी निगा होय. पुढील लेखांकात झिजलेली सील ओळखणे आणि बदलणे यांचा विचार केला जाईल.