गांवरस्त्याचें अनुदान: मागावें कोठें व संभाळावें कसें

संत्र्याचें कलम लावण्यापासून फळ उतरीपर्यंतची विद्या वरूडच्या बागाईतदारास कोणी शिकवावी अशी स्थिति नाहीं. परंतु झाडापासून डांबरी सडकेपर्यंतची जी कोस-अर्ध्या कोसाची वाट, ती मात्र अजून पुष्कळ गांवीं त्याची वैरीण आहे. आंबिया बहाराचें फळ उतरावयास येतें तेव्हां पावसाळा नुकताच सरलेला असतो. काळ्या जमिनींतील पांदण ओलीच असते. मालमोटार सडकेवर उभी राहते आणि माल डोक्यावरून अथवा ट्रॅक्टरनें ओढून तेथवर न्यावा लागतो. हा खर्च व्यापारी आपल्या पदरचा घालीत नाहीं; तो भावांतून कापून घेतो. म्हणून रस्त्याचा प्रश्न हा शेतीचाच प्रश्न होय. प्रस्तुत लेखक महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालेला आहे. विद्वत्तेचा दावा नाहीं. कागद कोठें अडतो एवढें त्यास ठाऊक आहे, व तेंच येथें सांगावयाचें आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. अनुदान म्हणजे भीक नव्हे. बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालीं १९२७ सालीं नेमलेल्या समितीनें रस्त्यांसाठीं स्वतंत्र निधि असावा अशी शिफारस केली, आणि १९२९ सालीं पेट्रोलवर गॅलनमागें दोन आणे जादा कर बसवून असा निधि निर्माण झाला. पुढें २००० सालीं त्यासंबंधीं कायदा झाला व डिझेलवरील उपकराचा वांटा ग्रामीण रस्त्यांकडे वळला. ट्रॅक्टरमध्यें डिझेल ओतणारा शेतकरी हा त्या निधीचा भरणाच करीत आला आहे. तेव्हां मागणी करतांना मान खालीं घालण्याचें कारण नाहीं. मात्र मागणी योग्य दारीं गेली पाहिजे.

रस्ता कोणाचा?

१९४३ सालीं नागपुरास भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेनें रस्त्यांची प्रतवारी ठरविली. तिच्याच धर्तीवर आपल्याकडे राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग असे वर्ग आहेत. सामान्यतः राज्यमार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, तर इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. पांदण किंवा शेतरस्ता यांस बहुधा असा क्रमांकच नसतो. ग्रामपंचायतीचा ठराव "आमचा रस्ता करावा" एवढाच असला तर तो या कचेरींतून त्या कचेरींत फिरत राहतो. ठरावांत रस्त्याचा वर्ग, क्रमांक, कोठून कोठपर्यंत, व लांबी हीं चारही कलमें लिहावींत.

नकाशा आधीं, पैसा मागून

पांदणीची गोष्ट निराळी. गांवनकाशांत गाडीवाट दुहेरी तुटक रेषेनें व पायवाट एकेरी तुटक रेषेनें दाखविलेली असते. नकाशावर वाट असून कोणी ती अडविली असल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६, याच्या कलम ५ खालीं तहसीलदाराकडे दाद मागतां येते. परंतु अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आंत. मुळांतच वाट नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम १४३ प्रमाणें धुऱ्यावरून वाट मागतां येते. मे २०२५ मधील शासननिर्णयाप्रमाणें शेतरस्ता शक्यतों तीन ते चार मीटर रुंद असावा व त्याची नोंद सात-बाराच्या इतर हक्कांत व्हावी असें ठरलें आहे. ही नोंद करून घेण्यांत आळस करूं नये. आजचा शेजारी समजूतदार असला तरी उद्यां वावर विकलें जाईल, आणि नवा धनी कागदच मागेल.

कोणत्या दारीं जावें?

प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० रोजीं सुरू झाली. ती बारमाही रस्ता नसलेल्या वस्त्यांसाठीं आहे. सपाट प्रदेशांत ५०० लोकवस्तीची अट आहे. सप्टेंबर २०२४ मध्यें मंजूर झालेल्या तिच्या चौथ्या टप्प्यांत २०११ ची शिरगणति प्रमाण मानिली आहे. वावराची पांदण तींत बसत नाहीं. त्या अर्जांत वेळ दवडूं नये. राज्याची मुख्यमंत्री ग्रामसडक योजना २०१५ पासूनची. त्याखेरीज जिल्हा वार्षिक योजनेंत ग्रामीण मार्गांसाठीं तरतूद असते, आणि आमदार-खासदारांचा स्थानिक विकास निधि आहे.

पांदणींसाठीं राज्यानें नोव्हेंबर २०२१ मध्यें मातोश्री ग्रामसमृद्धि शेत-पांदण रस्ते योजना काढली. तिचा पाया रोजगार हमीच्या कामांत होता. त्या कामांत मजुरीस साठ व सामग्रीस चाळीस असें प्रमाण राखावें लागे. परंतु मुरूम-खडीच्या रस्त्यास सामग्रीच अधिक लागते, म्हणून राज्याच्या पैशाची जोड दिली होती. डिसेंबर २०२५ मध्यें संसदेनें २००५ च्या रोजगार हमी कायद्याच्या जागीं नवा कायदा संमत केला आहे. यास्तव जुन्या अटी पाठ म्हणून न दाखवितां पंचायत समितींत चालू आदेशाची प्रत मागून घ्यावी.

वित्त आयोगाचें अनुदान थेट ग्रामपंचायतीच्या खातीं येतें. पंधराव्या आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळांत त्यापैकीं साठ टक्के पाणी व स्वच्छतेसाठीं बांधलेले होते. उरलेल्या चाळीस टक्क्यांतून रस्त्याचें काम घेतां येत असे. कोणताहि निधि असो, काम गांवच्या वार्षिक विकास आराखड्यांत नसेल तर पुढचें दार उघडत नाहीं.

एक अनुभव

मी ज्या कचेरींत होतों तेथील एका गांवास पांदणीचें काम मंजूर झालें होतें. सरपंच उत्साही, गांव एकदिल. परंतु मधल्या एका गटांत पांदणीवर संत्र्याचीं झाडें लागलेलीं. मोजणीची फी कोणी भरावी यावर दोन महिने गेले, आणि त्यानंतर आलेला अर्ज माझ्याच टेबलावर इतर कागदांखालीं तीन आठवडे राहिला. मार्च उलटला, रक्कम परत गेली. पुढच्या पावसाळ्यांत त्याच पांदणींत एका बाळंतिणीस खाटेवरून न्यावें लागलें. ती व तिचें मूल सुखरूप राहिलें, ही ईश्वराची कृपा, माझी नव्हे. त्या तीन आठवड्यांचें ओझें निवृत्तीबरोबर उतरलें नाहीं.

मिळालेला पैसा संभाळणें

मंजुरी म्हणजे रस्ता नव्हे. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तक, पूर्णत्वाचा दाखला व उपयोगिता प्रमाणपत्र, हे कागद एकाच फायलींत तारखेच्या क्रमानें लावावेत. खर्चाची मुदत आदेशांतून पाहून ती फायलीच्या पुठ्ठ्यावरच मोठ्या अक्षरांत लिहावी. कामाआधींचें, चालू असतांनाचें व झाल्यावरचें छायाचित्र एकाच जागेवरून घ्यावें. मोजमापाच्या दिवशीं गांवचे दोन-चार शेतकरी उभे राहिल्यास मुरुमाचा थर कागदावर व जमिनीवर सारखाच भरतो. एकाच तुकड्यावर दोन निधींतून खर्च दाखवूं नये. लेखापरीक्षणांत ती वसुली सरपंच-ग्रामसेवकांच्या अंगावर येते, व पुढील मागणीस बट्टा लागतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंस चर ठेवण्यास विसरूं नये. काळ्या जमिनींत पाणी तुंबलें कीं मुरूम दोन पावसाळे टिकत नाहीं.

पुढील ग्रामसभेस जातांना तीन कागद बरोबर न्यावेत: गांवनकाशाची प्रत, वाटेंतील गटांचे सात-बारा, व चतुःसीमा लिहिलेला ठरावाचा मसुदा. मोजणीची फी मात्र त्याच दिवशीं वर्गणीनें जमवून भरावी. रक्कम लहान असते. तिच्यावांचून मोठी रक्कम परत जाते, हें मीं डोळ्यांनीं पाहिलें आहे.