टीव्हीपुढचा अंतरपाट

मुंबईच्या उपनगरांत कोणाचे घर किती सुखवस्तू आहे, हे एके काळी दारातल्या चपलांवरून कळत असे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि पुढची कितीतरी वर्षे मुलुंड-घाटकोपरपासून अंधेरी-बोरिवलीपर्यंत शनिवारचा मराठी चित्रपट हा एक सार्वजनिक कार्यक्रमच होता. ज्यांच्याकडे टीव्ही, त्यांच्या दारात साऱ्या चाळीच्या चपला! आता चपला ज्याच्या त्याच्या दारात आहेत. टीव्ही मात्र दर दसऱ्या-दिवाळीला वाढत चालला आहे. बत्तीस इंचांचा त्रेचाळीस झाला, त्रेचाळिसाचा पंचावन्न झाला. भिंत तेवढी होती तेवढीच राहिली.

या मोठ्या पडद्याबरोबर एक नवीच अडचण घरोघरी आली आहे. घरातली लग्ने, मुंजी, बारशी, सहली, सगळे काही पेनड्राइव्हमध्ये साठवलेले असते. चित्र इतके स्वच्छ की पैठणीचा काठ मोजून घ्यावा. पण तो पेनड्राइव्ह टीव्हीला लावला की टीव्ही हटून बसतो. आमच्या मुलुंडच्या इमारतीत अशा तक्रारी माझ्याकडे येतात, कारण मला त्यातले कळते अशी एक अफवा आहे.

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी शेजारच्या काकूंनी दार वाजवले. "अहो, जरा येता का? टीव्ही बोलतोय, पण दिसत नाही!"

जाऊन पाहतो तो बैठकीत दहा-बारा माणसे, आणि मधोमध खुर्चीवर काकूंच्या सासूबाई. वय अठ्ठ्याऐंशी. नातीचे लग्न नाशिकला झाले, तेव्हा खुब्याच्या शस्त्रक्रियेमुळे आजींना अंथरुणावरून हलता आले नव्हते. नातीसाठी मंगलाष्टका मात्र त्यांनी स्वतः रचून पाठवल्या होत्या. स्टुडिओकडून लग्नाचा पेनड्राइव्ह आला, तो पाहायला सारे घर जमले होते. टीव्हीतून आत्याबाईंच्या आवाजातल्या मंगलाष्टका खणखणीत येत होत्या, आणि पडद्यावर काळोख! खाली एक ओळ, की हा व्हिडिओ चालत नाही. आजी शांतपणे सगळे ऐकून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, "अरे, अष्टका संपल्या. आता अंतरपाट काढा म्हणावं तुमच्या टीव्हीला!"

सगळे हसले; पण हा अंतरपाट कशाचा, हे कोणालाच ठाऊक नव्हते. टीव्ही नवा होता, पेनड्राइव्ह चांगला होता, स्टुडिओने कामही चोख केले होते. मग अडले कुठे?

वाचकहो, हे समजायला वाळवणाच्या डब्यापर्यंत जावे लागते. चैत्र-वैशाखात कुरडया, पापड, सांडगे करून आपण डब्यात भरतो. ओल्या चिकाला जागा फार लागते आणि तो टिकत नाही. वाळवला की मावतो आणि टिकतो. पण खायच्या वेळी तो तळावा लागतो. व्हिडिओचेही तसेच आहे. आजच्या 'फोर के' चित्रात आडवे ३,८४० आणि उभे २,१६० ठिपके असतात, म्हणजे सुमारे ८३ लाख. प्रत्येक ठिपक्याचे तीन रंग, आणि सेकंदाला २५ चित्रे. हे सारे ओलेच साठवायचे म्हटले तर एका तासाला सुमारे २,२४० जीबी जागा लागेल. लग्न तीन तासांचे असले तर हार्ड डिस्कांची चवडच घरी आणावी लागेल!

म्हणून हे चित्र वाळवतात. नवरीमागचा पडदा एका चित्रात आहे तोच पुढच्या चित्रात असतो. मग तो पुन्हा कशाला लिहायचा? उडालेल्या अक्षता तेवढ्या टिपायच्या. अशा युक्त्यांनी सेकंदाला ५० मेगाबिट एवढ्यावर आणले, की तोच तास साडेबावीस जीबीत बसतो. म्हणजे शंभरातला एक भाग उरतो, आणि डोळ्यांना फरक जाणवत नाही. या वाळवण्याच्या कृतीला 'कोडेक' म्हणतात. एच.२६४ ही कृती २००३ मध्ये आली, एच.२६५ ही २०१३ मध्ये, आणि एव्ही१ ही २०१८ मध्ये. नवी कृती तेवढेच चित्र आणखी थोड्या जागेत बसवते.

फाइलच्या नावापुढे एमपी४, एमओव्ही, एमकेव्ही असे लिहिलेले असते, ती कृती नव्हे, तो नुसता डबा! एमकेव्ही म्हणजे मात्रोश्का. एकीत एक बसणाऱ्या रशियन बाहुल्यांवरून हे नाव आले. डब्यात चित्र निराळे, आवाज निराळा, खालची अक्षरे निराळी. "आमचा टीव्ही एमपी४ चालवतो," असे म्हणणे म्हणजे "आमच्याकडे पितळी डब्यातले सगळे काही तळले जाते," असे म्हणण्यासारखे आहे. आत काय आहे, ते पाहायला हवे.

आता तळण्याची कढई. टीव्हीच्या आत हे काम एक बारीकशी चिप करते, आणि तिला मोजक्याच कृती शिकवलेल्या असतात. घरी आणल्यावर तिला नवी कृती सहसा शिकवता येत नाही. दहा वर्षांपूर्वीच्या टीव्हीपुढे एव्ही१ ठेवले तर तो बिचारा हात जोडणारच.

पण आजींचा टीव्ही तर नवा होता, आणि फाइल जुन्याच एच.२६४ कृतीची होती! मेख रंगात होती. आपल्या डोळ्याला उजेड-अंधार बारकाईने कळतो, रंग तितक्या बारकाईने कळत नाही. म्हणून घरी पाहायच्या व्हिडिओत चार ठिपक्यांना मिळून रंगाची एकच नोंद ठेवतात. स्टुडिओचे कॅमेरे मात्र दोन ठिपक्यांना एक नोंद ठेवू शकतात, आणि प्रत्येक रंगाच्या २५६ छटांऐवजी १,०२४ छटा टिपतात. मागाहून रंग सुधारायचे तर ही श्रीमंती हवीच. आजींच्या नातीचे लग्न या श्रीमंत पद्धतीनेच साठवले होते, आणि बहुतेक टीव्हींच्या चिपांना एच.२६४ची ही पद्धत येत नाही. आवाजाची कृती साधी होती, म्हणून अष्टका ऐकू आल्या. चित्र तेवढे अंतरपाटाआड राहिले.

यावर इलाज दोन. लॅपटॉप एचडीएमआय तारेने टीव्हीला जोडावा आणि त्यावर व्हीएलसी लावावे. पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये ज्याला सुरुवात केली, तेच हे फुकट मिळणारे व्हीएलसी. त्याला बहुतेक साऱ्या कृती येतात. मात्र लॅपटॉप जुना असला तर फोर के चित्र अडखळते, आणि काकूंकडे नेमके तेच झाले. मग दुसरा इलाज: त्याच चित्राची टीव्हीला झेपेल अशी वेगळी प्रत काढणे. हँडब्रेक नावाचे साधन त्यासाठी फुकट मिळते. सेकंदाला २० मेगाबिट, कृती एच.२६५, रंग साधे, असे ठरवून मी लॅपटॉप लावून दिला. साडेसदुसष्ट जीबीचे लग्न सत्तावीस जीबीत आले. त्याला पुरी रात्र आणि दुसरा अर्धा दिवस लागला. सोमवारी संध्याकाळी आजींनी नातीच्या डोक्यावर अक्षता पडताना पाहिल्या. दोनदा पाहिल्या. मंगलाष्टकांतले एक कडवे आत्याबाईंनी गाळल्याचेही त्यांनी तेव्हाच सांगितले!

प्रत्येक घरातला अंतरपाट असाच असतो असे नाही. घाटकोपरच्या माझ्या बहिणीचा ६४ जीबीचा पेनड्राइव्ह रिकामा, पण सहा जीबीची फाइल काही केल्या आत जाईना. त्या पेनड्राइव्हची आखणी एफएटी३२ या जुन्या पद्धतीची होती, आणि तीत एक फाइल चार जीबीपेक्षा मोठी चालत नाही. एक्सएफएटी पद्धतीने आखणी केली की काम होते. मात्र आखणी बदलताना आतले सगळे पुसले जाते, आणि अगदी जुन्या टीव्हीला ही पद्धत वाचता येत नाही. बोरिवलीच्या भाच्याने डिस्क राउटरला लावून चित्र तारेने टीव्हीपर्यंत आणले. ते सारखे थबके. पुष्कळ फोर के टीव्हींचे तारेचे भोकही सेकंदाला १०० मेगाबिटचेच असते. त्याहून भरधाव फाइल तिथे अडते, आणि मग वायफाय बरे ठरते. चित्र दिसते पण चित्रपट मुका, असे झाले तर बहुधा डीटीएस नावाची आवाजाची कृती असते. ती सगळ्याच टीव्हींना येत नाही.

हे सारे सांगायचे कारण नुसती यंत्राची हौस नव्हे. आपल्या देशाचा पहिला बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये झळकला. आज त्याची एकही प्रत कुठे उरल्याचे माहीत नाही. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन व्हायला १९६४ उजाडावे लागले. आपल्या घरच्या चित्रांना असे कोणी संग्रहालय नाही. १९८०-९० च्या लग्नांच्या व्हीएचएस कॅसेटी अजून कितीतरी माळ्यांवर आहेत. पण त्या दाखवणारे यंत्र बनवणारा शेवटचा ज्ञात कारखानाही जुलै २०१६ मध्ये थांबला. आजोबांच्या लग्नाचा कृष्णधवल फोटो पाहायला उजेड पुरतो. मुलाच्या लग्नाला व्हीसीआर लागतो, नातीच्या लग्नाला नेमकी चिप लागते. चित्र दर पिढीला सुंदर होत गेले आणि ते पाहणे दर पिढीला परस्वाधीन होत गेले.

तेव्हा घरात कार्य निघाले की स्टुडिओवाल्याला तीन गोष्टी आधीच सांगून ठेवाव्यात. मूळ फाइल हवीच. तिच्याबरोबर साध्या रंगांची, एच.२६४ची, टीव्हीवर चालणारी प्रतही हवी. आणि ती प्रत आमच्या टीव्हीवर लावून पाहिल्यावरच हिशोब पुरा होईल. मूळ फाइल कधी पुसू नये; उद्याच्या एखाद्या टीव्हीला ती कदाचित चालेलही आणि साध्या प्रतीपेक्षा चांगली दिसेल. नुसत्या पेनड्राइव्हवर विसंबू नये, कारण वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिला तर त्यातली विद्युतभाराची नोंद हळूहळू विरते. दोन निरनिराळ्या डिस्कांवर दोन प्रती असाव्यात, आणि त्यातली एक दुसऱ्या घरी, बहिणीकडे म्हणा, भावाकडे म्हणा.

आणि वर्षातून एकदा ते सारे लावून पाहावे. त्याला दिवाळीसारखा मुहूर्त नाही. भाऊबिजेला घर भरलेले असते, फराळ पुढे असतो, आणि जुन्या चित्रातली माणसे ओळखणारे वडीलधारेही शेजारी बसलेले असतात. चित्र चालले नाही तर तेव्हाच कळेल, आणि इलाजाला वेळ असेल. चालले, तर कोण कोणाचे ते मुलांना सांगून ठेवावे. ते काही कुठल्या फाइलमध्ये लिहिलेले नसते.