कुरणात गेलेली शाळा

एकात्मिक बालविकास सेवा योजनेची पन्नाशी साजरी झाली आणि त्याच वर्षी घरी न्यायच्या शिध्यासाठी चेहरा पडताळणीही सक्तीची झाली. अंगणवाडी सेविकेनं मोबाइल समोर धरायचा, आईनं डोळे मिचकावायचे, रेंज असली तर पाकीट हातात. या योजनेचा जन्म २ ऑक्टोबर १९७५ चा, हे सगळीकडे छापून आलंच आहे. पण लहान मुलांची शाळा गरिबाच्या दारात भरवता येते, हे त्याआधी तीस वर्षं आपल्याच किनारपट्टीवर करून बघितलं गेलं होतं. पन्नाशीच्या भाषणांत त्याचा उल्लेख फारसा आला नाही.

ते करून बघणाऱ्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये किनाऱ्यावरच्या बोर्डीला गेल्या तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांसोबतचं काम, १९२६ मधला नूतन बालशिक्षण संघ, दादरचं शिशुविहार, असं बरंच काही पाठीशी होतं. दुसरी एखादी बाई तिथंच स्थिरावली असती. सोबतीला आलेल्या अनुताई वाघ तेव्हा पस्तिशीच्या. तेराव्या वर्षी लग्न, काही महिन्यांतच वैधव्य, मग जिद्दीनं शिकून शिक्षिका झालेल्या.

बोर्डीत बालवाडी उघडली, पण ज्यांच्यासाठी उघडली ती मुलं काही येईनात. येणार कशी? आईबाप पहाटेच कामावर. मग बालवाडीच उठून वस्तीत गेली, कुणाच्या तरी अंगणात भरू लागली. पहिला धडा अंघोळीचा. नखं काढायची, केस विंचरायचे, मग गाणी-गोष्टी. मॉन्टेसरीची घोटीव लाकडी साधनं परवडणारी नव्हती. त्यांची जागा शंख-शिंपल्यांनी, बियांनी, खड्यांनी घेतली. मोजणं, लहान-मोठं लावणं, रंग ओळखणं सगळं त्यातच. मला विचाराल तर मॉन्टेसरीबाईंवर भारतात लिहिलं गेलेलं सर्वांत चांगलं भाष्य हे खडे आहेत.

१९५७ मध्ये काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आजूबाजूला वारली आदिवासींचे पाडे. इथं अडचण आणखी वेगळी होती. जरा मोठा मुलगा गुरांमागे, मुलगी धाकट्या भावंडामागे. हजेरीपटावर नाव घालून दोघंही शाळेत आली नसती. म्हणून निघाली कुरणशाळा. गुरं जिथं चरतात तिथं शिक्षिकेनं जायचं, झाडाखाली पोरं गोळा करायची, एक डोळा पाटीवर आणि एक गाईवर. एखादं जनावर शेतात घुसलं की वर्ग उधळणारच, हे गृहीत. आणि मुलीनं कडेवरच्या पोरासकट यायचं. कोसबाडच्या त्यांच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात होती. धाकटं पाळण्यात, थोरली पाटीशी. गळतीवरचे कितीतरी अहवाल मी चाळले आहेत, इतका सरळ उपाय त्यांत क्वचित दिसतो.

दोघींना देव्हाऱ्यात बसवायची घाई मात्र नको. १९४५ मध्येच त्याच भागात गोदावरी परुळेकर वारल्यांना वेठबिगारीविरुद्ध उभं करत होत्या. तिकडे मजुरीचा प्रश्न, इकडे साबण-कंगव्याचा. शहरातून आलेल्या सुशिक्षित बाईला आधी पोराचा मळ दिसतो, सावकार नंतर, असं कुणी म्हटलं तर ते अगदीच खोटं नाही. पण मजुरी वाढली तरी तीन वर्षांचं मूल दिवसभर करणार काय, याचं उत्तर कुणीतरी द्यायलाच हवं होतं.

सरकारी अंगणवाडीनं त्यातलं अंगण घेतलं आणि शाळा विसरली. योजनेच्या सहा सेवांपैकी पूर्वप्राथमिक शिक्षण ही एक. व्यवहारात खिचडी, वजनकाटा आणि रजिस्टर यांतून वेळ उरला तर. शहरातल्या नर्सरीत उलटा प्रकार: साडेतीन वर्षांच्या पोराकडून चौरेघीत एबीसीडी गिरवून घेतात आणि पालक त्यासाठी फी मोजतात. ताराबाई दोघांवरही सारख्याच रागावल्या असत्या.

२०२० च्या शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ हा वयोगट पायाभूत मानला. २०२३ मध्ये ‘पोषण भी, पढाई भी’ आलं आणि सेविकांची प्रशिक्षणं सुरू झाली, काही दिवसांची. मानधनावर राबणाऱ्या बाईकडून आता बालशिक्षणतज्ज्ञ होण्याचीही अपेक्षा आहे. निदान प्रशिक्षणातला एक दिवस तिला कुठल्याही ॲपशिवाय पाड्यावर फिरू द्यावं आणि सकाळी दहा वाजता कुठलं मूल कुठं असतं, एवढंच बघायला सांगावं. खात्याला त्याचा फार खर्च येणार नाही.