दोन सेकंद आणि सोळा हंगाम

15 मे 2013 रोजी एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगच्या संघमालकांपुढे एकच प्रश्न होता. सॅक्रमेंटो किंग्ज हा संघ कॅलिफोर्नियातून उचलून सिअ‍ॅटलला न्यायचा का? सिअ‍ॅटलच्या बाजूने ख्रिस हॅन्सन आणि मायक्रोसॉफ्टचे स्टीव्ह बाल्मर पैशांच्या थैल्या मोकळ्या सोडून उभे होते. सॅक्रमेंटोचे महापौर केव्हिन जॉन्सन स्वतः एनबीए खेळलेले. आपल्या शहराचा संघ जाऊ नये म्हणून त्यांनी जिवाचं रान केलं होतं. 22 विरुद्ध 8 मतांनी स्थलांतर फेटाळलं गेलं आणि महिनाअखेर मलूफ कुटुंबाकडून संघाची सूत्रं घेतली ती मुंबईच्या जुहूत वाढलेल्या विवेक रणदिवे यांच्या गटाने. संघाचं मूल्य ठरलं 53 कोटी 40 लाख डॉलर. एनबीएमध्ये तोवर एवढी किंमत कुठल्याच संघाला आली नव्हती.

रणदिवे हे काही मैदानातून वर आलेले गृहस्थ नव्हेत. 1957 साली मुंबईत जन्म, लहानपणी क्रिकेट आणि फुटबॉल. किशोरवयात एमआयटीत प्रवेश मिळाला, पण त्या काळी परकीय चलन मिळवणं कर्मकठीण. तेव्हा या मुलाने रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांच्या कार्यालयाबाहेर ठाण मांडून ते मिळवलं. पुढे हार्वर्डमधून व्यवस्थापनाची पदवी आणि मग सॉफ्टवेअर. शेअर बाजारातल्या दलालांपर्यंत बातमी आणि भाव त्याच क्षणी पोचवणारी यंत्रणा त्यांच्या टेकनेक्रॉन कंपनीने उभी केली. 1994 साली रॉयटर्सने ती कंपनी साडेबारा कोटी डॉलरला घेतली. 1997 मध्ये त्यांनी टिब्को स्थापन केली, जी 2014 मध्ये 430 कोटी डॉलरला विकली गेली. थोडी पण योग्य माहिती दोन सेकंद आधी हाती आली तर ती उशिरा मिळालेल्या ढीगभर माहितीपेक्षा मोलाची, हा त्यांचा सिद्धान्त. 2011 च्या त्यांच्या पुस्तकाच्या नावातच ते दोन सेकंद आहेत.

बास्केटबॉल त्यांच्या आयुष्यात आलं मुलीमुळे. रेडवूड सिटीतल्या बारा वर्षांखालील मुलींच्या संघाला ते शिकवू लागले. संघात अंजली ही त्यांची मुलगी होती. मुली उंच नव्हत्या, नेमबाजीतही बेताच्या. मग प्रतिस्पर्ध्याला अर्ध्या मैदानापर्यंत बिनधोक येऊ का द्यायचं, असा प्रश्न या नवख्या प्रशिक्षकाला पडला. चेंडू आत टाकल्या क्षणापासून सगळ्या मैदानभर अडवायचं, हा डाव त्यांनी अख्खा हंगाम चालवला आणि मुली राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोचल्या. माल्कम ग्लॅडवेल यांनी 2009 मध्ये ‘न्यूयॉर्कर’मध्ये ही हकीकत लिहिली आणि रणदिवे हे नाव क्रीडाजगतात सर्वतोमुखी झालं. 2010 मध्ये ते गोल्डन स्टेट वॉरियर्सचे सहमालक झाले. एनबीए संघात असा वाटा घेणारे पहिले भारतीय वंशाचे. अंजली पुढे किंग्जच्याच स्टॉकटनमधल्या दुय्यम संघाची जनरल मॅनेजर झाली.

हे जनरल मॅनेजरचं, म्हणजे संघासाठी खेळाडू निवडणाऱ्याचं, काम आपल्याकडे अजून नीट उमगलेलं नाही. आपल्या रायगड जिल्ह्यात, माणगाव, रोहा, अलिबाग या पट्ट्यात खेळ म्हणजे कबड्डी, आणि संघ उभा राहतो मंडळाच्या वर्गणीवर. 2014 मध्ये प्रो कबड्डी आली आणि लिलावात खेळाडूंवर बोली लागू लागली. एनबीएत असा लिलाव नसतो. दर जूनमध्ये नवे खेळाडू क्रमाने निवडायचे, त्यात तळाच्या संघांना वरचा क्रमांक मिळण्याची शक्यता जास्त. एरवी खेळाडूच्या बदल्यात खेळाडू किंवा करार संपलेल्या खेळाडूशी नवा करार, आणि सगळ्यांच्या पगारावर मर्यादा. म्हणजे नुसत्या पैशाच्या जोरावर संघ घडत नाही. आज घेतलेला निर्णय बरोबर होता की नाही, ते कळायला चार-पाच वर्षं जातात. दोन सेकंदांच्या माणसाची कसोटी लागली ती इथे.

डिसेंबर 2014 मध्ये प्रशिक्षक माइक मलोन यांना काढलं. संघ तेव्हा 11 विजय, 13 पराभव असा होता आणि मुख्य खेळाडू डीमार्कस कझिन्स मेंदूज्वराने बाहेर बसला होता. याच मलोन यांनी 2023 मध्ये डेन्व्हरला विजेतेपद मिळवून दिलं. मलोन यांच्यानंतर किंग्जचे प्रशिक्षक बदलतच राहिले. 2018 च्या निवडीत दुसऱ्या क्रमांकावर तेव्हाचे जनरल मॅनेजर व्लादे दिवाच यांनी मार्विन बॅग्लीला घेतलं. लुका डॉन्चिच पुढच्याच क्रमांकावर गेला आणि काही वर्षांतच जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंत गणला जाऊ लागला.

मैदानाबाहेर मात्र रणदिव्यांनी शब्द पाळला. 2016 मध्ये शहराच्या मध्यभागी गोल्डन वन सेंटर उभं राहिलं, सौरऊर्जेवर चालणारं. एप्रिल 2015 मध्ये सिम भुल्लर किंग्जकडून मैदानात उतरला तो एनबीए खेळणारा पहिला भारतीय वंशाचा खेळाडू म्हणून. आणि 4 ऑक्टोबर 2019 रोजी वरळीच्या एनएससीआय डोममध्ये, हजारो शाळकरी मुलांसमोर, किंग्ज आणि इंडियाना पेसर्स खेळले. भारतातला हा एनबीएचा पहिला सामना. किंग्ज 132-131 असे जादा वेळेत हरले, पण आपल्या जन्मगावी आपला संघ आणण्याचं रणदिव्यांचं स्वप्न त्या संध्याकाळी खरं झालं.

2020 मध्ये संघाची घडी बदलली. नवे जनरल मॅनेजर माँटी मॅकनेअर प्रिन्स्टनमध्ये संगणकशास्त्र शिकलेले आणि ह्यूस्टन रॉकेट्सच्या आकडेवारी विभागातून वर आलेले. एनबीएच्या संघ-कार्यालयाचं दार आता असंही उघडतं, हे माणगाव तालुक्यातल्या लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात संगणक शिकणाऱ्या, खेळाचं वेड असलेल्या मुलामुलींनी ध्यानात ठेवावं. फेब्रुवारी 2022 मध्ये मॅकनेअर यांनी लोकांचा लाडका तरुण टायरीस हॅलिबर्टन इंडियानाला देऊन डोमांटास सबोनिस आणला. सगळीकडून टीका झाली. पण पुढच्या हंगामात किंग्जनी 48 सामने जिंकले, पश्चिम विभागात तिसरं स्थान मिळवलं आणि सलग सोळा हंगामांचा प्ले-ऑफचा दुष्काळ संपवला. एनबीएच्या इतिहासात एवढा लांब दुष्काळ कुणीच सोसला नव्हता. दर विजयानंतर स्टेडियमच्या छतावरून जांभळा प्रकाशझोत आकाशात जाई आणि गाव रस्त्यावर येई. मॅकनेअर त्या वर्षीचे सर्वोत्तम कार्यकारी अधिकारी ठरले, प्रशिक्षक माइक ब्राउन सर्वोत्तम प्रशिक्षक. पहिल्या फेरीत सात सामन्यांच्या झुंजीनंतर किंग्ज हरले ते वॉरियर्सकडून, रणदिव्यांच्याच जुन्या संघाकडून.

हे यश मालकाने हात मागे घेतल्यामुळे आलं, असं मला वाटतं, आणि म्हणूनच पुढचं जास्त खटकतं. डिसेंबर 2024 मध्ये ब्राउन यांना काढलं. फेब्रुवारी 2025 मध्ये संघाचा आघाडीचा खेळाडू डीअ‍ॅरन फॉक्स सॅन अँटोनियोला गेला. एप्रिलमध्ये डॅलसकडून घरच्या मैदानावर हार झाली आणि मॅकनेअरही बाहेर पडले. त्यांच्या जागी स्कॉट पेरी आले. पेरी यांनी 2017 मध्ये काही महिने याच कार्यालयात काम केलं होतं, आणि फॉक्सची निवड झाली ती त्याच काही महिन्यांत.