नेमबाजाचा कान आणि मापाचा बोळा

ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्याआधी २०१० साली कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत यांनी म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत सुवर्णपदक पटकावले होते. साहजिकच आपल्याकडील मुलामुलींना या खेळाची ओढ लागली आहे. शिवाय राष्ट्रीय छात्रसेनेतील विद्यार्थी पॉइंट टू-टू रायफलने गोळीबाराचा सराव करतातच. पवित्रा कसा घ्यावा, श्वास कधी रोखावा, चाप कसा ओढावा, हे त्यांना काळजीपूर्वक शिकवले जाते. कानाचे काय करावे, हे मात्र बहुधा कापसाच्या बोळ्यावर सोपवले जाते. हा बोळा पुरेसा असतो का? नसेल, तर कानाच्या मापाने घडवलेला बोळा घ्यावा का? उत्तर शोधण्यापूर्वी गोळीचा आवाज कानात जाऊन काय करतो ते पाहू.

एका क्षणाचा दाब

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातील चढउतार. निरोगी कानाला जेमतेम ऐकू येणारा दाबातील फरक २० मायक्रोपास्कल मानतात आणि त्याला शून्य डेसिबल म्हणतात. दाब दहापट झाला की आकडा २० डेसिबलने वाढतो. नेहमीचे बोलणे ६० डेसिबलच्या आसपास असते. पॉइंट टू-टू रायफलचा आवाज नेमबाजाच्या कानाशी सुमारे १४० डेसिबलच्या शिखरापर्यंत जाऊ शकतो. दोन्ही आकड्यांत ८० डेसिबलचा फरक आहे, म्हणजेच दाब दहा हजार पट! मोठ्या रायफली आणि पिस्तुले १५० ते १७० डेसिबलपर्यंत जातात.

आणखी एक तुलना करू. भारतात १९९९ सालच्या नियमानुसार फटाक्याच्या आवाजाचे शिखर, फटाक्यापासून चार मीटर अंतरावर, १४५ डेसिबलपेक्षा जास्त असता कामा नये. रायफलच्या नळीचे तोंड मात्र कानापासून जेमतेम एक मीटरवर असते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये अशा आघाती आवाजाच्या शिखरासाठी प्रौढांना १४० आणि मुलांना १२० डेसिबल ही मर्यादा सुचवली. म्हणजे जी रायफल 'लहान' म्हणून मुलांच्या हाती देतात, तिचाही आवाज मुलांच्या मर्यादेच्या बराच वर जाऊ शकतो.

मोठा आवाज आला की मधल्या कानातील चिमुकला स्नायू आकसतो आणि हाडांच्या साखळीला आवर घालतो. ही निसर्गाची सोय खरी; पण तिला २५ ते १५० मिलिसेकंद लागतात. गोळीच्या आवाजाचे शिखर काही मिलिसेकंदांतच येऊन जाते. पहारेकरी जागा होईपर्यंत चोर पसार झालेला असतो.

न परतणाऱ्या पेशी

आतल्या कानात शंखासारखी वळलेली नळी असते. तिला कर्णावर्त म्हणतात. तीत सुमारे साडेतीन हजार आतल्या आणि बारा हजार बाहेरच्या केशपेशी असतात. दाबाच्या जबर लाटेने त्या मोडतात. कोंबडीसारख्या पक्ष्यांत अशा पेशी पुन्हा तयार होतात, हे १९८० च्या दशकात लक्षात आले. माणसाच्या कानात मात्र गेलेली केशपेशी पुन्हा येत नाही.

नुकसान बहुधा ३००० ते ६००० हर्ट्झच्या पट्ट्यात, विशेषतः ४००० हर्ट्झच्या आसपास सुरू होते. बोलण्यातील स्वर खालच्या पट्टीत असतात, ते ऐकू येत राहतात. 'स', 'श' यांसारखे व्यंजनांचे उच्चार वरच्या पट्टीचे, ते पुसट होतात. मुलाला 'पास' आणि 'पाच' यांतला फरक कळेनासा होतो. शिक्षकांना वाटते लक्ष नाही. मुलाला वाटते शिक्षक पुटपुटतात. उजव्या खांद्याला रायफल लावणाऱ्याचा डावा कान जास्त बिघडतो, कारण तो नळीच्या तोंडाकडे असतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला.

गोळीबारानंतर कान काही वेळ सुन्न होतो, गुणगुणतो आणि मग 'बरा' होतो, असा अनेकांचा अनुभव असतो. या बरे होण्यावर फार विसंबू नये. २००९ साली कुजावा आणि लिबरमन या शास्त्रज्ञांनी उंदरांवर दाखवले, की ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली तरी केशपेशी आणि मज्जातंतू यांमधले अनेक जोड कायमचे तुटलेले असतात.

बोळा कसा काम करतो

बाहेरची कर्णनलिका प्रौढ माणसात सुमारे अडीच सेंटिमीटर लांब आणि किंचित नागमोडी असते. तिला हवाबंद बूच बसले, तर आवाज अडतो. यातला महत्त्वाचा शब्द 'हवाबंद' हा आहे. बाटलीचे बूच थोडे तिरके बसले की पाणी गळते. येथे ध्वनी गळतो, आणि खालच्या पट्टीचा आधी गळतो. कापूस सच्छिद्र असल्यामुळे त्याने फारसे काही साधत नाही.

बाजारात तीन प्रकार मिळतात. पहिला, फोमचा बोळा. चिमटीत वळून बारीक करायचा, विरुद्ध हाताने कानाची पाळी वर व मागे ओढायची, बोळा आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत सुमारे अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा. दुसरा, झालरी असलेला तयार रबरी बोळा. तिसरा, एखाद्याच्या कानाचा ठसा घेऊन त्याच्याचसाठी घडवलेला बोळा.

वेष्टनावर २५, २९ किंवा ३३ डेसिबल असे आकडे असतात. ते प्रयोगशाळेत, सलग चालणाऱ्या आवाजात, नीट बसवलेल्या बोळ्याचे असतात. अमेरिकेतील सरकारी नियमाप्रमाणे लावायच्या चिठ्ठीतच असा इशारा असतो, की बंदुकीसारख्या आघाती आवाजाला हा आकडा तंतोतंत लागू पडेल असे नाही. शिवाय प्रत्यक्ष वापरात बोळे नीट बसत नाहीत. म्हणूनच अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने १९९८ साली फोमच्या बोळ्यांचा छापील आकडा निम्मा धरावा, असे सुचवले.

बसण्यातील थोडासा दोष किती महाग पडू शकतो, याचे उदाहरण अमेरिकी सैन्यातले आहे. २००३ ते २०१५ या काळात सैनिकांना दिलेला एक दुटोकी बोळा आखूड असल्याने कानात नकळत सैल होतो, असा आरोप झाला. दोन लाखांहून अधिक दावे दाखल झाले. थ्रीएम कंपनीने दोष कबूल केला नाही, पण ऑगस्ट २०२३ मध्ये सुमारे सहा अब्ज डॉलर देऊन दावे मिटवण्याचे मान्य केले.

मापाचा बोळा कोणासाठी?

मापाचा बोळा सर्वांत जास्त आवाज अडवतो, हा समज बरोबर नाही. नीट बसवलेला फोमचा बोळा त्याच्या बरोबरीने, कित्येकदा थोडा अधिकच आवाज अडवतो. मापाच्या बोळ्याचा गुण वेगळा आहे. तो दर वेळी तसाच बसतो आणि तासन्तास टोचत नाही. जो आठवड्यातून चार दिवस सराव करतो, त्याला याचे मोल मोठे. रायफलवाल्याला आणखी एक सोय होते. कानावर बसणाऱ्या वाट्या, म्हणजे इअरमफ, दस्त्याला गाल टेकवताना दस्त्यावर आपटतात. चष्म्याच्या काड्यांमुळेही त्यांच्या कडेला फट राहते. बोळ्याला ही अडचण नाही.

असा बोळा घ्यायचा ठरल्यास पुढील गोष्टी पाहाव्यात. ठसा श्रवणतज्ज्ञाकडूनच घ्यावा; श्रवणयंत्राच्या साच्यासाठी घेतात तसाच तो असतो. आधी कान तपासून मळ काढतात, पडद्याच्या अलीकडे दोरा बांधलेला छोटा बोळा ठेवतात आणि मग सिलिकोन भरतात. हा आडबोळा नसेल तर सिलिकोन पडद्यापर्यंत पोचून इजा होऊ शकते. म्हणून घरच्या घरी ठसा घेण्याचे धाडस करू नये. ठसा कर्णनलिकेच्या दुसऱ्या वळणापलीकडे गेलेला असावा. जबडा हलला की नलिकेचा आकार बदलतो. म्हणून तोंड उघडे ठेवूनही ठसा घेण्यास सांगावे. तयार बोळा घालून, गाल दस्त्यावर टेकवून आणि जबडा हलवून पाहावे. सैल वाटला तर परत करावा.

वाढत्या वयाच्या मुलांची कर्णनलिकाही वाढते. आज नेमका बसणारा बोळा पुढे सैल होतो. वर्षातून एकदोनदा गोळीबार करणाऱ्या छात्रसैनिकासाठी हा खर्च करण्याचे कारण नाही. त्याला फोमचा बोळा नीट घालायला शिकवावे आणि शक्य तेथे त्यावर इअरमफ द्यावा. मात्र २५ अधिक २५ बरोबर ५० असा हिशोब येथे चालत नाही. दुसऱ्या साधनाने साधारण ५ ते १० डेसिबलचीच भर पडते, कारण पुढे ध्वनी कवटीच्या हाडांतूनही आत शिरतो. तरी मोठ्या बंदुकींसाठी आणि बंदिस्त जागेतील सरावासाठी ही भर फार मोलाची आहे.

काही बोळ्यांत बारीक छिद्राची गाळणी असते. तिच्यातून साधे बोलणे आत येते, पण स्फोटाची लाट अडखळते. सूचना ऐकू येणे जरुरीचे असेल तेथे ती उपयोगी पडते; एकूण संरक्षण मात्र बंद बोळ्यापेक्षा कमी असते. पूर्ण बंद साधने वापरायची असतील, तर 'गोळीबार बंद' या हुकमासाठी हाताची किंवा झेंड्याची खूण आधी ठरवून घ्यावी. संरक्षण आणि सुरक्षितता यांत निवड करण्याची वेळ येऊ देऊ नये.

वर्गात करून पाहण्याजोगे

बोळा नीट बसला की नाही हे पाहण्याची सोपी रीत आहे. एका कानात बोळा घालून तोंड मिटून 'म्‌ऽऽ' असे गुणगुणावे. बोळा हवाबंद बसला असेल, तर आवाज त्याच कानात घुमतो. बोटाने कान बंद करूनही हे विद्यार्थ्यांना दाखवता येईल. हाडांतून आलेला ध्वनी बाहेर पडू शकत नाही, म्हणून तो घुमतो. दुसरी रीत म्हणजे दोन्ही कानांत बोळे घालून, पंखा किंवा रेडिओ चालू असताना तळहातांनी कान झाकावे व सोडावे. फरक फारसा जाणवला नाही, तर बोळे ठीक बसले आहेत. या परीक्षा ढोबळ आहेत, पण बोळे नुसते लोंबकळत असतील तर ते लगेच उघडकीस येते.

गोळीबाराच्या मैदानावर पहिली गोळी सुटण्यापूर्वी रांगेतील प्रत्येकाचे कान झाकलेले असावेत आणि शेवटची सुटेपर्यंत ते तसेच राहावेत. शेजारच्या मुलाच्या रायफलचा आवाजही तितकाच घातक असतो. आणि दिवसभर तेथे उभ्या राहणाऱ्या शिक्षकांनी स्वतःचे कान विसरू नयेत. सर्वांत जास्त गोळ्या त्यांच्याच कानांवरून जातात.