काट्यावरचा आकडा कुणी ठरवला?

डाएट सुरू केलंय म्हणालात की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘टार्गेट किती?’ उत्तरही तयार असतं. पन्नास. नाहीतर साठ. आपल्याला गोल वेट गोलच लागतं, शेवटी शून्य आलं की कसं छान वाटतं! पण हा आकडा आला कुठून, असं विचारलं की गाडी अडते. बारावीत असताना तेवढं वजन होतं. रूममेटचं तेवढं आहे. एका हिरॉइनचं तेवढं असल्याचं रीलमध्ये पाहिलं. किंवा ताईच्या लग्नाचा घागरा त्या मापाने शिवायला टाकलाय. यातलं एकही कारण तुमच्या शरीराला विचारून आलेलं नाही.

जरा हिशेब करू. समजा, उंची १६० सेंमी, म्हणजे सव्वापाच फूट. वजन ७२ किलो आणि टार्गेट ५०. उतरवायचे २२ किलो. आठवड्याला साधारण अर्धा किलो हा झेपणारा वेग. म्हणजे ४४ आठवडे झाले, तेही मध्ये दिवाळी, परीक्षा, कुणाचा बर्थडे काहीच न येता. लग्न तर तीन महिन्यांवर! मग रात्रीचं जेवण बंद, पोळी बंद, भाताचं तर नावच नको. पहिल्याच आठवड्यात काटा दोन किलो खाली येतो आणि आपण हवेत. पण त्यात बरंचसं पाणी असतं. शरीरात साठवलेल्या एक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी असतं. साठा संपला की पाणीही जातं, भात सुरू केला की दोन्ही परत येतात. चरबी बिचारी फारशी हललेलीच नसते.

मग आकडा ठरवायचा कसा? सुरुवात बीएमआयपासून करा, पण तिथेच थांबू नका. किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, एवढंच ते गणित. एकोणिसाव्या शतकात बेल्जियमच्या केटले या गणितज्ञाने ते मांडलं, तेही समाजातला ‘सरासरी माणूस’ अभ्यासण्यासाठी. भारतीय प्रौढांसाठी १८.५ ते २२.९ ही निरोगी पातळी मानतात. मोबाइलमधली बरीच ॲप्स २४.९पर्यंत ‘नॉर्मल’ म्हणून हिरवा रंग दाखवतात, त्याला भुलू नका. १६० सेंमी उंचीला हा पट्टा येतो साधारण ४७ ते ५८ किलो. म्हणजे निरोगी वजन हा एक आकडा नाहीच, तब्बल अकरा किलोंची ऐसपैस जागा आहे. मग पन्नासचाच हट्ट कशाला?

आपल्यासाठी पट्टा वेगळा का, याची एक भारी गोष्ट पुण्यातली आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! २००४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचा फोटोही छापून आला. सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाच्या पोटाभोवतीही चरबी लपलेली असू शकते. म्हणून टेप घ्या आणि कंबर मोजा. जीन्सचा साइज नव्हे, खरी कंबर, श्वास सोडून, पोट आत न ओढता. मुलींची ८० सेंमीच्या आत, मुलांची ९०च्या आत. वजन हलत नसताना कंबर कमी होत असेल, तर तुमचं बरं चाललंय.

आता आपली ७२ किलोवाली मैत्रीण. तिचं पहिलं टार्गेट पन्नास नाही, अठ्ठावन्नही नाही, तर ६८. आहे त्या वजनाच्या पाच टक्के. ऐकायला फुसकं वाटतं, पण जास्त वजन असलेल्यांमध्ये एवढ्यानेही शुगर आणि बीपी सुधारायला लागतं. आठ-दहा आठवड्यांत जमण्यासारखं आहे. तिथे महिना-दोन महिने टिकून दाखवायचं, मग पुढचे तीन-चार किलो. घागरा शिवताना टेलरला शिवणीत थोडी माया ठेवायला सांगा, झालं.

टार्गेट वजनाला एक प्रश्न जरूर विचारा: तिथे टिकून राहायला मला रोज काय करावं लागेल? मेसमध्ये उपाशी बसणं, आईने केलेली पुरणपोळी नाकारणं, मित्रांसोबत वडापाव खाल्ला म्हणून रात्रभर अपराधी वाटणं, असं उत्तर येत असेल तर तो आकडा तुमचा नाही.

काट्यावर रोज उभं राहू नका. मीठ, पाळीचे दिवस, रात्रीचं उशिराचं जेवण यांनी एक-दीड किलो सहज इकडेतिकडे होतं. आठवड्यातून एकदा, सकाळी, एकाच काट्यावर बघा. जिमवाल्या मुलांनो, स्नायू वाढले की बीएमआयही वाढतो, त्याचं टेन्शन नको. अठरा पूर्ण नसतील तर वरचे आकडे तुमच्यासाठी नाहीतच, वाढत्या वयाचे तक्ते वेगळे असतात, ते डॉक्टरकडे बघा. थायरॉइड, पीसीओएस किंवा कुठली औषधं चालू असतील तरी टार्गेट डॉक्टरांना विचारूनच ठरवा. आणि डाएट करताना पाळी चुकायला लागली, केस पुंजक्याने गळायला लागले, चक्कर यायला लागली किंवा खाण्याचीच भीती वाटायला लागली, तर डाएट त्याच दिवशी थांबवा, घरी सांगा आणि डॉक्टर गाठा, काट्यावर आकडा कितीही सुंदर दिसत असला तरी.