अक्षरापासून शब्दापर्यंत

मुलास अक्षरे ओळखता आली म्हणजे त्यास वाचता आले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु ‘का’ आणि ‘म’ ही अक्षरे अचूक म्हणणारे मूल ‘काम’ या शब्दापाशी अडखळते, असे पुष्कळदा दिसून येते. सुटे उच्चार एकमेकांत मिसळून त्यांतून ओळखीचा शब्द काढणे ही निराळी क्रिया आहे व ती शिकवावी लागते.

इंग्रजीत वर्ण २६च; मात्र त्यांचे उच्चार अनिश्चित. मराठीत उच्चार बहुतांशी निश्चित असतात, पण चिन्हे फार. ‘ळ’ धरून ३४ व्यंजनांची बाराखडी मांडली, तर ४०८ अक्षरे होतात, जोडाक्षरे वेगळीच. शिवाय काही अडचणी खास आहेत. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी येते, तर तिचा स्वर मागाहून उच्चारला जातो. ‘घर’ म्हणताना अखेरचा ‘अ’ लोपतो. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतील ‘च’ दिसतो एकच, ऐकू येतो निराळा. अशा ठिकाणी उच्चार अखेर ठरतो तो मुलाच्या कानास शब्द परिचित असल्यामुळेच.

या प्रश्नाचा दीर्घ अभ्यास अझीम प्रेमजी विद्यापीठाने केला. त्या काळी विद्यापीठाचे काम बेंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतील जागेतून चाले. शैलजा मेनन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ ते २०१६ या काळात आजच्या पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्यात मराठी, आणि कर्नाटकातील यादगीर येथे कन्नड शिकणाऱ्या मुलांची पहिलीपासून तिसरीपर्यंतची प्रगती पाहिली. अहवाल २०१७ साली प्रसिद्ध झाला. तिसरीच्या अखेरीसही पुष्कळ मुलांना शब्द व सोपा उतारा वाचता येत नव्हता. मूळाक्षरांपेक्षा स्वरचिन्हे जोडलेली अक्षरे त्यांस अधिक कठीण जात. वर्गातील बराच वेळ मात्र उतरवून काढण्यात आणि एकसुरात घोकण्यात जाई.

यावरून शिकवण्याची दिशा स्पष्ट होते. सर्व मूळाक्षरे संपेपर्यंत शब्दांसाठी थांबण्याचे कारण नाही. क, म, न, र ही चार अक्षरे आणि काना एवढ्या सामग्रीतून काम, कान, नाक, मान, मका, कमान असे कितीतरी शब्द तयार होतात. शिक्षकाने अक्षराखाली बोट फिरवीत ‘का…म’ असे न तोडता लांबवून म्हणावे, मग वेग वाढवून ‘काम’ म्हणावे, आणि लगेच अर्थ विचारावा. ‘नाक’मधून ‘ना’ काढला तर काय उरते, असे तोंडी खेळही उपयोगी पडतात. मुलाने ऐकलेला शब्द स्वतः लिहून पाहिला, म्हणजे ध्वनी व चिन्ह यांचा संबंध दृढ होतो.

तथापि उच्चार जुळवणे हे साधन होय, साध्य नव्हे. त्याच्या जोडीस रोज गोष्ट वाचून दाखविणे आणि तिच्याविषयी बोलणे आवश्यक आहे. कारण ज्याने शब्द कधी ऐकलाच नाही, त्यास तो जुळवूनही ओळखता येत नाही. चौथीपासून प्रत्येक विषय पुस्तकातूनच शिकावयाचा असतो. तोपर्यंत ज्यास वाचन साधले नाही, ते मूल एका विषयात नव्हे, तर सर्वच विषयांत मागे राहते.